जुना हि-मॅन घेण्याआधी

हि-मॅन या योद्ध्याच्या जुन्या खेळण्यातल्या बाहुल्या जमवायला लागलास, फार बरं वाटलं! पण १९८३ची कार्टून मालिका जरा बाजूला ठेव. खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९८२मध्ये ही खेळणी आणली तेव्हा राजपुत्र अ‍ॅडम, म्हणजे मालिकेतलं हि-मॅनचं दुसरं रूप, नव्हताच. सोबतच्या चिमुकल्या पुस्तिकेत हि-मॅन जंगलातल्या टोळीचा योद्धा होता, आणि ती चित्रं काढली होती रानटी योद्धा कोनानच्या कॉमिक्सवर काम केलेल्या आल्फ्रेडो अल्कालाने. केसाळ लंगोट, कुऱ्हाड, फुगलेले दंड, सगळीकडे अशाच काल्पनिक योद्ध्यांची चित्रं रंगवणाऱ्या फ्रँक फ्रॅझेटाची छाप! म्हणून सुरुवात १९८२च्या आठ पात्रांपासूनच कर.

घेताना कुऱ्हाड, ढाल, छातीचा पट्टा आणि अर्धी तलवार (ती मुळातच अर्धी असते) आहे ना ते बघ. कंबर वळवून सोडली की झटक्यात परत यायला हवी. पाय लोंबत असतील तर आतलं रबर गेलंय. ते बदलता येतं, तेवढ्यासाठी चांगली बाहुली सोडू नकोस.