'आरोपपत्र' आणि 'आरोप निश्चिती': आरोप नेमका कोणाचा?

एका वाचकाने विचारले आहे की, बातम्यांत आधी 'आरोपपत्र दाखल' आणि पुढे कधीतरी त्याच खटल्यात 'आरोप निश्चित' असे येते, तर या दोहोंत फरक काय. आणि अमेरिकी खटल्यांच्या संदर्भात कानावर येणाऱ्या 'अरेनमेंट'ला मराठीत काय म्हणावे?

फरक मोठा आहे, कारण पहिला आरोप पोलिसांचा आहे आणि दुसरा न्यायालयाचा. फिर्याद नोंदवली जाते, अटक होते, चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ वगळून) अटक झालेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, कोठडी मिळते. आणि तपास पुरा झाल्यावर पोलीस जो अहवाल न्यायालयात देतात त्यालाच आपण आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये याला केवळ पोलीस अधिकाऱ्याचा अहवाल म्हटले आहे, आणि ते नाव मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यानंतर न्यायाधीश कागदपत्रे पाहून, दोन्ही बाजूंचे ऐकून, खटला चालवण्याजोगे काही आहे असे वाटले तरच स्वतः लेखी दोषारोप ठेवतात; यालाच बातम्यांत 'आरोप निश्चिती' म्हणतात. पोलिसांनी लावलेले एखादे कलम तेथे गळू शकते, नवे येऊही शकते.

क्रियापदांकडे लक्ष दिले तर गोंधळ राहत नाही. पत्र 'दाखल' होते, दोषारोप 'ठेवला' जातो. आरोप हा शब्द संस्कृतातल्या 'रुह्' धातूच्या प्रयोजकापासून आला असून वर चढवणे, वर ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ 'वृक्षारोपण' या शब्दात आजही दिसतो. आळ घ्यावा, दोष द्यावा, पण ठपका आणि आरोप ठेवावा, ही आपली रूढी त्या अर्थाला धरूनच आहे. म्हणून 'निश्चिती'पेक्षा न्यायालयीन मराठीतला 'दोषारोप ठेवणे' हाच प्रयोग मला पसंत आहे. 'निश्चित' या शब्दाने गुन्हाच निश्चित झाल्याचा भास होतो, आणि ज्याच्याविरुद्ध साक्षीपुरावा अजून सुरूही झालेला नाही अशा माणसाबद्दल तसा भास होऊ देणे अन्यायाचे आहे.

अमेरिकेत दोषारोप सरकारी वकील किंवा ग्रँड ज्युरी (खटला भरावा की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) आणते. 'अरेनमेंट'मध्ये न्यायालय तो आरोपीला कळवून त्याचे म्हणणे विचारते. आपल्याकडे दोषारोप ठेवल्यावर तो लगेच वाचून, समजावून सांगितला जातो आणि 'गुन्हा कबूल आहे काय?' असे विचारले जाते, म्हणून या टप्प्याला वेगळे नाव पडलेले नाही. भाषांतरात 'दोषारोप वाचून दाखवून जबाब विचारला' असे सरळ लिहावे. नुसते 'आरोप निश्चित झाले' लिहिल्यास तेथील न्यायालयाने न केलेले काम त्याच्या नावावर पडते.

हीच काळजी सुटकेच्या शब्दांतही घ्यावी: दोषारोप ठेवण्याआधीच न्यायालयाने सोडले तर आरोपी 'दोषमुक्त' होतो, आणि साक्षीपुरावा होऊन सुटला तर ती 'निर्दोष मुक्तता'.