वाचकांचे प्रश्न : काट्याचं वजन ऑफिसच्या संगणकात

प्रश्न : लातूरला आमची डाळमिल आहे. वजनकाट्याजवळच्या संगणकातला पायथन प्रोग्राम सिरियल पोर्टवरून वजन घेतो आणि सॉकेटने ऑफिसच्या बिलिंग प्रोग्रामला पाठवतो. कधी कधी २४३५० ऐवजी नुसतं २४३ उमटतं. शिवाय काट्याकडची लाइट गेली तरी ऑफिसात जुनंच वजन दिसत राहतं. — एक वाचक, लातूर

उत्तर : अर्धवट वजनाचा दोष बहुधा केबलचा नाही, वाचण्याच्या पद्धतीचा आहे. टीसीपी, म्हणजे तुमचं सॉकेट ज्या पद्धतीने डेटा नेतं ती, फक्त बाइटचा प्रवाह पोचवतं. एक वजन कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे एकदा पाठवलेला आकडा दोन तुकड्यांत येऊ शकतो, नाहीतर दोन आकडे एकमेकांना चिकटून येतात. प्रत्येक वजनाच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह लावा. ऑफिसात आलेले बाइट बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवा, चिन्ह दिसलं की तिथवरचा भाग उचला, उरलेला तसाच राहू द्या. पाठवताना सेंडऐवजी सेंडऑल (सगळे बाइट जाईपर्यंत पाठवणारी आज्ञा) वापरा. मध्ये स्लीप (थोडं थांबायची आज्ञा) घालून काम भागवणारे बरेच असतात. त्याने चूक दुर्मीळ होते, जात नाही.

लाइट जाते तेव्हा जोडणी बंद झाल्याचं कळवायला काट्याकडचा संगणक उरतच नाही आणि ऑफिसचा प्रोग्राम रिसीव्हवर ताटकळतो. टीसीपीचं कीपअलाइव्ह, म्हणजे पलीकडचा अजून आहे का याची चौकशी, आपणहून चालू नसतं. चालू केलं, तरी विंडोज आणि लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये पहिली चौकशी २ तासांनी होते. तोवर निम्मे ट्रक निघून जातील! म्हणून वजन बदललं नसलं तरी काट्याकडून दर २ सेकंदांनी एक ओळ पाठवा आणि ऑफिसच्या सॉकेटला १० सेकंदांचा टाइमआउट द्या. तो उलटला की पडद्यावरचं वजन पुसा, बिलाचं बटण बंद करा आणि जोडणी नव्याने करा.

यात एक खोच आहे. संगणक इन्व्हर्टरवर असेल आणि काट्याचा इंडिकेटर नसेल, तर संगणक शेवटचं वजन इमानेइतबारे पाठवतच राहील. सिरियल पोर्टवरून ताजं वजन आलं तरच ओळ पाठवा.

प्रश्न : जिनिंगच्या दोन काट्यांवरचे प्रोग्राम ‘आजची आवक’ हा एकच आकडा वाढवतात. संध्याकाळी बेरीज कमी भरते. — एक वाचक, परभणी

उत्तर : दोघांनी एकाच वेळी ८०००० वाचले, एकाने १२००० मिळवून ९२००० लिहिले, दुसऱ्याने १५००० मिळवून ९५०००. खरी बेरीज १०७०००, पण पहिल्याचे १२००० गेले. बेरीज एकाच प्रोग्रामच्या ताब्यात ठेवा, बाकीच्यांनी त्याला फक्त ‘एवढे वाढव’ म्हणावं. रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामची इन्क्रबाय आज्ञा हेच करते. पण उत्तर वाटेत हरवलं आणि प्रोग्रामने तीच आज्ञा पुन्हा पाठवली, तर माल दुप्पट मोजला जाईल. पावती क्रमांक सोबत पाठवा आणि नोंदलेला क्रमांक परत आला की सोडून द्या. रेडिसचा ६३७९ पोर्ट इंटरनेटवर मुळीच उघडू नका.

प्रश्न : पायथनचा ऑब्जेक्ट पिकल करून (पायथनच्या सोयीने बाइटमध्ये बदलून) पाठवला तर? — एक विद्यार्थी, बीड

उत्तर : नको. पिकल उघडताना त्यात दडवलेला कोणताही कोड चालू शकतो. जेसन (डेटा साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) वापरा, वजन पूर्ण किलोत ठेवा.