तू विचारतेस खरं...

अक्का,
माझा मुलगा बारा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला शाळेतून काढलं, आता घरीच शिकवते. चार महिन्यांपूर्वी अशाच घरी शिकणाऱ्या मुलांचा तत्त्वज्ञानाच्या गप्पांचा गट सुरू केला. अकरा ते चौदा वयाची सात मुलं, दर शनिवारी चार वाजता आमच्या हॉलमध्ये जमतात. बाकी बेळगावातल्या टिळकवाडी-वडगावची, एक खानापूरहून येते. सत्य, न्याय, सुख असे विषय घेते. (प्रश्न शुक्रवारी रात्रीच पालकांच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे मुलं तयारीनं येतात.) मुलं छान बोलतात. कानडी घरातली एक मुलगी तेवढी नुसती ऐकते. आणि माझाच मुलगा जमखान्याचे दोरे उपसत बसतो. मागच्या शनिवारी सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, तू विचारतेस खरं तुला उत्तर ठाऊकच असतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणतात, परत शाळेत घाल. तो अशा चर्चेसाठी नाहीच का? समुपदेशकाला दाखवू का?
— एक आई, टिळकवाडी

ताई,

मुलाला कुणाला दाखवू नका. दाखवायचाच तर तुमचा शुक्रवारचा मेसेज दाखवा.

सगळ्या पत्रात ते एकच वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, आणि दुखणं नेमकं तिथंच आहे. शुक्रवारी रात्री ग्रुपवर 'न्याय म्हणजे काय?' पडतं. लगेच घराघरांत कुणीतरी मोबाईलवर व्याख्या शोधतं. शनिवारी सकाळी पोह्यांबरोबर पाठांतर होतं आणि चार वाजता मुलं जमखान्यावर बसून आपापल्या घरची उत्तरं ओळीनं म्हणून दाखवतात. मुलं छान बोलत नाहीत ताई, छान म्हणतात. कविता म्हणतात तशी.

तुमचा मुलगा तर ज्या घरात पेपर निघतो त्याच घरात राहतो. त्याला सगळं दिसतं. तुम्हाला लागलेलं त्याचं वाक्य पुन्हा वाचा. आपल्याकडच्या बोलीत 'पण'ला 'खरं' म्हणतात. 'येतो खरं उशीर होईल.' चार महिन्यांत तुमच्या गटात कुणी काढलेली पहिली खरी शंका म्हणजे हे 'खरं', आणि तुम्ही त्यावर समुपदेशक शोधताय. तुम्हाला लाज वाटली, हे मी समजू शकते; तिच्यासाठी माझ्याकडे फार सहानुभूती नाही.

मुलांसोबत तत्त्वज्ञान ही पद्धत रुजवली ती मॅथ्यू लिपमन या अमेरिकी प्राध्यापकानं. कॉलेजातल्या मुलांना तर्क करता येत नाही, सुरुवात फार आधी व्हायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला त्यासाठी संस्था निघाली. त्या पद्धतीचा कणा एवढाच: मोठ्या माणसानं वस्तू किंवा गोष्ट समोर ठेवायची, प्रश्न मुलांनी काढायचा. आपल्याकडचा नचिकेता घ्या. 'मला कुणाला देणार?' हे त्यानं बापाला तीनदा विचारलं, बाप चिडला तरी विचारलं. त्याच्या बापाला तो प्रश्न आदल्या रात्री आला असता, तर कठोपनिषद तिथंच संपलं असतं.

तेव्हा एकच करा. या शुक्रवारी मेसेज टाकू नका.

मग शनिवारी काय करायचं, ते नीट सांगते. कारण मेसेज बंद झाला की पहिल्या दिवशी तुम्हाला दरदरून घाम फुटणार आहे.

घरातली विळी आणा. शक्यतो जुनी. पात्याला फडकं घट्ट गुंडाळा आणि मुलांच्या मध्ये जमखान्यावर ठेवा. सगळे गोल बसा. तुम्हीही खाली, सोफ्यावर नाही. सांगा: ही पणजीची विळी. पातं झिजलं म्हणून आजीनं लोहाराकडून नवं बसवलं. पुढं पाट फुटला, सुतारानं नवा केला. बस्स, इथंच थांबा. 'मग आता ही पणजीचीच का?' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ते मुलांनी म्हणायचंय.

तीन मिनिटं पूर्ण शांतता, मग दोघादोघांत पाच मिनिटं. सात मुलं आहेत, म्हणजे एक त्रिकूट होईल. प्रत्येक जोडीनं एक प्रश्न कागदावर लिहायचा. पहिल्या दिवशी 'विळी केवढ्याला मिळते?' असलेही येतील. हसू नका, तेही फळ्यावर लिहा. मग मुलांनाच वेगळे काढू द्या: कुठला प्रश्न आजीला विचारून सुटतो, कुठला पुस्तकात सापडतो आणि कुठला विचारून-वाचूनही शिल्लक राहतो. जो शिल्लक राहतो तो तुमचा. असे दोन-तीन असतील तर प्रत्येकाला दोन चिंचोके द्या आणि आवडत्या प्रश्नावर ठेवायला सांगा. प्रश्नापुढे नाव मतदानानंतरच लिहा. सात जणांच्या गटात नाव आधी दिसलं की चिंचोके मैत्रीला पडतात.

आता चर्चा. अर्धा तास पुरे, या वयाला एकूण बैठक तासाच्या वर नेऊ नका. या अर्ध्या तासात तुम्ही चारच गोष्टी विचारायच्या. 'म्हणजे काय?' 'उदाहरण दे.' 'हे कुठं लागू पडणार नाही?' आणि 'ती म्हणाली त्याच्याशी तुझं जुळतं का?' विचारलं की मनात दहापर्यंत मोजा. मेरी बड रो या संशोधकबाईंनी वर्गांत मोजून पाहिलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारांची होतात. तुम्ही दहा थांबा. ती शांतता तुम्हाला खायला उठेल. उठू दे.

आणि 'छान!' म्हणायचं नाही. 'व्हेरी गुड' तर मुळीच नाही. तुम्ही एकाला छान म्हटलं की उरलेल्या सहा जणांना कळतं, बाईंना हवं ते उत्तर सापडलं, आता गप्प बसलेलं बरं. शुक्रवारचा मेसेज बंद करून शनिवारी 'छान' चालू ठेवलंत, तर मेसेजच चालू ठेवलात म्हणा.

पंधराएक मिनिटांनी मुलं दोन तट करून अडतील. 'काहीच जुनं नाही, म्हणजे ही ती नव्हेच' विरुद्ध 'रोज वापरात होती ना, मग तीच'. तेव्हा खिशातला दुसरा डाव काढा: ते झिजलेलं पातं आणि फुटलेला पाट कुणीतरी जपून ठेवले होते. आता ते परत जोडले, तर पणजीची विळी कुठली? हे कोडं जुनंच आहे. थिसियस या ग्रीक वीराच्या जहाजाचं, प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कनं नोंदवलेलं: एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? काढलेल्या जुन्या फळ्या जोडून केलेलं दुसरं जहाज सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं त्यात आणलं. पण ती नावं त्या दिवशी काढू नका, मुलं लगेच वही उघडतील.

शेवटची पाच मिनिटं एक फेरी: आज मत बदललं का, आणि कुणाच्या बोलण्यानं? 'नाही बदललं' हेही चालेल. निष्कर्ष काढू नका. न्यायला आलेले पालक दारात 'आज काय शिकलात?' विचारतील, त्यांना 'विळी' एवढंच सांगा.

त्या कानडी मुलीचं. ती नुसती ऐकते, कारण तुमच्याकडे छापील मराठीत बोलावं लागतं. तिला कानडीत बोलू द्या. बेळगावच्या मुलांना तेवढं समजतं. मग दुसऱ्या कुणीतरी ते मराठीत सांगायचं आणि तिला विचारायचं, 'हेच म्हणालीस ना?' ती 'नाही' म्हणेल, तिथं चर्चा सुरू होते. कानडीत 'निज' आहे आणि 'सत्य'ही आहे. आपल्यात 'खरं' आणि 'सत्य'. दोन्हींचा अर्थ एकच का, यावर एक अख्खा शनिवार जाईल.

आज ना उद्या कुणीतरी गावाच्या नावाचा प्रश्न काढेलच. १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचं बेळगावी झालं, तुमच्या गटातली मुलं त्याच्याच आगेमागे जन्मलेली. नाव बदललं म्हणून गाव बदलतं का? विळीचीच ही थोरली बहीण. भिऊन टाळू नका, फक्त पहिले दोन-तीन महिने स्वतःहून काढू नका, कारण या एका प्रश्नाची उत्तरं मेसेज न टाकताही घराघरांतून तयार येतात, दोन्ही भाषांतली. मुलांना घरचं उत्तर आणि आपलं उत्तर वेगळं ओळखता यायला लागलं की मग घ्या. 'आमच्याकडे म्हणतात' असं कुणी सुरू केलं तर एवढंच विचारा, 'आणि तू?'

तुमचा मुलगा पहिल्या शनिवारी बोलेलच असं नाही. त्याचं नाव घेऊन विचारू नका, त्याच्याकडे बघूही नका. चार महिने तो बघत आलाय, अजून दोन-तीन शनिवार तुमची परीक्षा घेईल. दोरे उपसले तर जमखाना नवा आणा.

शुक्रवारी रात्री ग्रुपवर कुणीतरी विचारणारच, 'ताई, उद्याचा प्रश्न?' त्यावर लिहा: 'प्रश्न उद्या मुलं काढतील. पाण्याची बाटली तेवढी पाठवा.'

— अक्का