दिवसभर चॅटवर सगळ्यांशी बोलूनही रात्री एकटं का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसचे ग्रुप, घरचा ग्रुप, कॉलेजचा मित्र, सगळ्यांशी दिवसभर चॅट चालू असतं आणि तरी अंथरुणाला पाठ टेकली की आज कुणाशीच बोललो नाही असं वाटतं. मेंदूचं काही बिघडलंय का, असं विचारलंय. मला वाटतं बिघडलेलं काही नाही. तुम्हाला वाटतंय ते खरंच आहे, दिवसभरात तुम्ही जिव्हाळ्याच्या एकाही माणसाचा आवाज ऐकलेला नसतो.

मला हे आईमुळे कळलं. ती चिपळूणला एकटी राहते, मी पुण्यात. गेल्या पावसाळ्यात कामाचा एवढा रेटा होता की रोजचा फोन मेसेजवर आला. सकाळी 'उठलीस का', दुपारी 'जेवलीस?', रात्री 'गोळी घेतलीस ना?' तिकडून 'हो', 'हो', 'घेतली'. एक दिवस खाडा नाही. आपलं आईकडे लक्ष आहे, अशी माझी खात्री होती. नवव्या दिवशी सहज फोन लावला. ती नुसतं 'हॅलो' म्हणाली आणि मी खुर्चीतून उठलेच. आवाज खोल गेलेला, अर्ध्या वाक्यात दम लागत होता. मागीलदारी शेवाळावरून पाय घसरून पडली होती, बरगडीला मार बसला होता, आठ रात्री धड झोप नव्हती. "अगं, तू कामात असतेस, उगाच कशाला जिवाला घोर," म्हणाली. त्याच रात्री मी गाडी पकडली.

नंतर मी याबद्दल शोधून वाचायला लागले. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाबद्दल हल्ली सगळेच बोलतात, आवाजाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींवर एक प्रयोग केला, 2012 साली तो प्रसिद्ध झाला. मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली, म्हणजे चांगलाच ताण दिला. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फोनवर बोलली, काहींना तिने चॅटवर धीर दिला आणि काहींना तिच्याशी बोलताच आलं नाही. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरात ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल उतरलं, आणि जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. चॅटवर धीर मिळालेल्या मुलींचं काय झालं? ऑक्सिटोसिन वाढलंच नाही, आणि कॉर्टिसोल आईशी अजिबात न बोललेल्या मुलींइतकंच राहिलं. आई तीच, माया तीच, शब्दही धीराचेच, पण शरीरापर्यंत ते पोचलेच नाहीत. प्रयोग लहानसा आहे, त्यावरून साऱ्या जगाचा निकाल लावू नये हे मला मान्य आहे. पण आठ दिवसांचे ते 'हो' आठवले की मला तो पटतो.

आवाजाची ही ओढ फार जुनी आहे. 1980 मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी अजून तीन दिवसांचीही न झालेल्या बाळांना खास चोखणी दिली. चोखण्याच्या लयीप्रमाणे एकतर स्वतःच्या आईचा आवाज ऐकू येई, नाहीतर दुसऱ्या बाईचा. आईचा आवाज यावा म्हणून त्या बाळांनी चोखण्याची लय बदलली! नजर धड स्थिरावलेली नसते त्या वयात, पण पोटात असताना ऐकलेला आवाज ओळखीचा असतो.

मग आपण फोन का टाळतो? आपल्याला अवघडल्यासारखं होईल असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं, काहींना ईमेलवर, काहींना फोनवर. फोनवर जास्त अवघडल्यासारखं होईल हा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तसं झालं नाही, आणि फोनवर बोललेल्यांना मित्र जास्त जवळचा वाटला.

म्हणून कॉलेजच्या ज्या मित्राला तुम्ही रोज मीम पाठवता म्हणताय, त्याला आज रात्री फोन लावा. आधी 'बोलू का?' असा मेसेज टाकू नका, तो 'उद्या बोलू' म्हणेल आणि तो उद्या येणार नाही. विषय नसला तरी चालेल. माझं आणि आईचंही सुरुवातीला 'आणि काय?' वर येऊन अडायचं. आता रोज साडेसातला ती स्वयंपाक करता करता बोलते. मध्येच "थांब गं, शिट्टी होऊ दे," म्हणून फोन ओट्यावर ठेवते आणि विसरते. मग मला फोडणीचा चर्र आवाज येतो, नळाचं पाणी ऐकू येतं, मागीलदारी मांजराला हाकलणं ऐकू येतं. मी फोन ठेवत नाही.