कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू घरभर शू करतं, हात चावतं, ओरडूनही ऐकत नाही. काय करावं?

आधी ओरडणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी घरी आल्यावर शू दाखवून दम दिला की ते कान पाडतं, नजर चुकवतं, म्हणजे त्याला चूक कळते. नाही हो कळत. आमची चिंगी (पार्किंगमध्ये सापडलेली, अस्सल गावठी) आणली तेव्हा मीही महिनाभर याच भ्रमात होते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग केला होता. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला का, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध निघाला नाही. मालक रागावला की चेहरा पडायचा, मग खाऊ खाल्लेला असो वा नसो. तुमचं पिल्लू तुम्हाला घाबरतंय, एवढंच. अशी पिल्लं पुढे सोफ्यामागे जाऊन गुपचूप शू करायला शिकतात. आमची शिकली होती.

या वयात दिवसा तीन-चार तासांपलीकडे त्यांना धरवत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं की लगेच ठरलेल्या जागी न्या. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर रस्त्यावर नको, बाल्कनीतला ट्रे चालेल. शू संपताच, तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. माझी चूक इथेच व्हायची. चिंगीने खाली शू केली की मी शाबासकी द्यायचे, पण बिस्कीट वर आल्यावर डब्यातून काढायचे. तोवर तिच्या लेखी ते बिस्कीट लिफ्टमध्ये शिरल्याचं! मग ती खाली उतरल्या उतरल्या लिफ्टकडे ओढायची आणि शू घरी. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे कुर्त्याच्या खिशात ठेवायला लागले, तेव्हा दहा-बारा दिवसांत फरक पडला. घरातली जागा नुसती फिनाइलने पुसू नका. वास आपल्यापुरता जातो, त्यांच्या नाकाला येतोच. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. आणि थेंब थेंब, सारखीच शू होत असेल तर शिकवणं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

चावण्याचं फार मनावर घेऊ नका. दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. ओला फडका गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तुमच्यासमोर चघळू द्या. हाताला दात लागला की किंचाळून हात ओढू नका, त्याला तो खेळच वाटतो. उठून पाठ फिरवा, अर्धं मिनिट बघूसुद्धा नका.

शब्दांचं मात्र घरात सगळ्यांनी बसून ठरवा. मी ‘सिट’ म्हणायचे, नवरा ‘खाली बस’, सासूबाई ‘बस गं बाई’. शेवटी ‘बस’वर एकमत झालं. चिंगी शिकलीही. मग एका रविवारी पाहुणे जेवायला होते, सासूबाई आग्रहाने श्रीखंड वाढत होत्या आणि जो तो ‘बस, बस, बस!’ म्हणत होता. टेबलाखाली चिंगी दर वेळी उठून पुन्हा बसत होती आणि खाऊसाठी माझ्याकडे बघत होती. आता आमचा शब्द ‘टेक’ आहे.

सराव दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. घरातलं कुणीतरी टेबलाखालून पोळीचा तुकडा देतंच, आमच्याकडे तर ते थांबणं शक्यच नव्हतं. म्हणून मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, ‘आई, द्या, पण ती टेकल्यावरच द्या.’ आता चिंगी त्यांच्यासमोर न सांगता टेकते. माझ्यासमोर आधी खिशाचा वास घेते.