पाच भेटवस्तूंची यादी आधी बाजूला ठेव

बाळा,

तुझा मेसेज वाचला, यादी पण बघितली. ताईच्या बाळाला सेट, आजोबांना कानटोपी, आईला मोजे, दादाला वेणीच्या डिझाइनचा मफलर, बाबांना हाफ स्वेटर, आणि हे सगळं डिसेंबरपर्यंत, ते पण ऑफिस सांभाळून! हौस आहे ते छानच, पण विणकामात सध्या तुला सुलट टाका, उलट टाका आणि दोन्ही आलटून पालटून होते ती रिबची पट्टी एवढंच येतं आणि या यादीत सात-आठ गोष्टी अशा आहेत ज्यांना तू अजून हात लावलेला नाहीस. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते, चहा घेऊन वाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की एका भेटवस्तूत नवीन गोष्ट एकच शिकायची. बाकी सगळं हाताच्या सवयीचं पाहिजे. गोल सुई पहिल्यांदा, दोन रंग पहिल्यांदा, लोकर पण कधी न वापरलेली, आणि मग टोपी सैल झाली की दोष नक्की कोणाला द्यायचा तेच कळत नाही आणि माणूस सगळंच टाकून देतो. आणि ती एक गोष्ट कोणती हे रील्समध्ये काय भारी दिसतंय त्यावरून ठरवायचं नाही, ज्याला द्यायचंय तो माणूस ती वस्तू कशी वापरणार आहे त्यावरून ठरवायचं.

आजोबांपासून सुरुवात कर. निफाडची थंडी, पहाटे अंगणात जायची त्यांची सवय, त्यामुळे टोपी कानावर नीट बसली पाहिजे, डिझाइन कुणी बघणार नाहीये. इथे तुझी नवीन गोष्ट म्हणजे गोल विणणं. ४० सेंमीची गोल सुई, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन सुया, घे, टाके घाल आणि जोडायच्या आधी सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून आहेत ना ते टेबलावर ठेवून बघ, कारण एकदा पीळ पडून जोडलं गेलं की तो पीळ नंतर काही केल्या जात नाही, उसवावंच लागतं. गोल विणताना आपण कायम सुलट बाजूनेच असतो, म्हणून साध्या विणीला उलटी सुई येतच नाही, तुला आवडेल ते.

आता टाके किती घालायचे. हे नीट वाच, कारण सगळ्या विणकामाचं मूळ इथे आहे. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५६ सेंमी धर (आजोबांचं टेपने मोजून घे, अंदाज नको), टोपी थोडी ताणून बसायला हवी म्हणून ५१ सेंमीची करायची. मध्यम जाडीची लोकर, डीके म्हणतात ती, ४ मिमी सुईवर १० सेंमीत साधारण २२ टाके देते. म्हणजे ११२ टाके. हा आकडा सोयीचा आहे, दोन सुलट दोन उलटच्या रिबला ४ ने भाग जातो आणि वर डोक्याला घटवताना १४-१४ टाक्यांचे ८ भाग पडतात. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणायचे, पुढची फेरी साधी, परत घटवायचं, असं करत शेवटी ८ टाके उरले की धागा कापून त्यातून ओवून ओढून घ्यायचा. टोपी बंद. टाके कमी झाले की ते ४० सेंमीच्या सुईवर पोचत नाहीत, तेव्हा ८० सेंमीच्या लांब वायरच्या सुईवर घे आणि मधूनच वायरचा फासा बाहेर काढून विण, मॅजिक लूप म्हणतात त्याला, व्हिडिओत एकदा बघितलंस की जमेल.

गंमत पुढे आहे. तेच ११२ टाके तू बारीक बेबी वूलने, म्हणजे फोर प्लायने, ३.२५ मिमी सुईवर घातलेस तर १० सेंमीत २८ टाके बसतात आणि टोपी होते बरोबर ४० सेंमीची. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं असतं साधारण ४३ सेंमी. म्हणजे आजोबा आणि त्यांचं पतवंड, दोघांच्या टोप्यांचे टाके सारखेच! लोकर आणि सुई तेवढी बदलली. म्हणून मी सारखी ओरडत असते की आधी नमुन्याचा तुकडा विण. तुझा हात सैल असेल आणि २२ च्या जागी २० टाके बसत असतील तर आजोबांची टोपी ५६ सेंमीची होईल आणि डोळ्यांवर येईल. तुकडा १५ सेंमीचा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मधले १० सेंमी मोजायचे, कडेचे धरायचे नाहीत.

सुयांच्या नंबरात फसू नकोस. आपल्याकडे जुन्या सुयांवर असतो तो इंग्लंडचा नंबर, जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिमी, दहा नंबर म्हणजे ३.२५. नेटवरच्या अमेरिकन पॅटर्नमध्ये उलटं, तिथे आठ नंबर म्हणजे ५ मिमी. म्हणून दुकानात नंबर सांगायचाच नाही, मिमी सांगायचे.

बाळाचं बघू. बाळंतविड्यात तुझ्या आईने झबली, टोपडी, दुपटं सगळं शिवलंच असेल, त्यात लोकरीचं तू एक टोपी आणि एक पुढून उघडा स्वेटर एवढंच घाल. टोपी तोपर्यंत येत असेल, म्हणजे स्वेटरमध्ये नवीन गोष्ट एकच, गळ्यापासून खाली विणत येणं, ज्यात शिवण नसते. आणि माप सहा महिन्यांचं घे, नवजात बाळाचं नको, ते कपडे बघता बघता लहान होतात. तू फोटो पाठवलास तो दोन रंगांचा हत्तीवाला स्वेटर मात्र नको. दोन रंगांत विणताना न वापरलेला धागा आतून लोंबता जातो आणि बाळाची इवलीशी बोटं त्यात अडकतात, आतून काय चाललंय ते आपल्याला दिसत पण नाही. तेच जाळीच्या मोज्यांचं. गळ्याखाली लांब बंद नकोत, बटणं घट्ट शिवायची, मोहेर किंवा केसाळ लोकर अजिबात नाही. आणि ताईला सांग, झोपवताना टोपी काढायची.

आईचे मोजे हा खरा कस आहे. तुझी आई घरात पण चप्पल घालते, मग साधे मोजे काय कामाचे? तिला अंगठ्याचे मोजे कर. इथे नियम थोडा वाकवते, कारण मोज्याची टाच पण नवीन आणि अंगठा पण नवीन, म्हणून आधी उरलेल्या लोकरीचा एक नुसता टाचेचा मोजा करून बघ, तो कुणाला द्यायचा नाही. टाचेत काय होतं तर पूर्ण ओळ न विणता मध्येच वळायचं, म्हणजे मधल्या भागाच्या ओळी जास्त होतात आणि कापडाला खोलगट आकार येतो. वाचताना काहीतरी भयंकर वाटतं, सुईवर दहा मिनिटांत डोक्यात शिरतं. अंगठ्याला टाके वाटून घ्यायचे, अंगठ्याचे पिनवर थांबवायचे, बाकीची बोटं आधी संपवायची. दोघांच्या बेचक्यात भोक पडतं ते पडतंच, तिथे दोन टाके जास्तीचे उचल आणि पुढच्या फेरीत घटव. टोकाला शिवण मारू नकोस, बोटांना टोचते, समोरासमोरचे टाके लोकर ओवलेल्या सुईने असे जोडायचे की मध्ये विणलेलीच एक ओळ दिसेल. त्याला किचनर म्हणतात, आणि हो, नाव त्याच लॉर्ड किचनरचं, हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेच्या सरसेनापतीचं, ज्याच्याशी वाद होऊन १९०५ मध्ये कर्झनने व्हाइसरॉयपद सोडलं होतं. मोज्यांचं नाव त्याला कसं चिकटलं याच्या पहिल्या महायुद्धातल्या कहाण्या खूप सांगतात, मला त्या फारशा पटत नाहीत. आणि लोकरीचे मोजे फरशीवर जाम घसरतात, तेव्हा नुसत्या मोज्यांवर फिरायचं नाही हे आईला बजावून ठेव.

दादाचा मफलर सोपा आहे. फक्त एक ओळ सुलट एक ओळ उलट अशा साध्या विणीत करू नकोस, कडा आत गुंडाळून नळी होते. आणि मफलरची उलटी बाजू पण दिसते, म्हणून वेणी रिबमध्येच घाल, दोन्हीकडून सारखी दिसेल. वेणी म्हणजे काय तर चार टाके हेअरपिनवर घेऊन पुढे ठेवायचे, सुईवरचे त्यानंतरचे चार आधी विणायचे आणि मग हेअरपिनवरचे, बाकी काही नाही. वेणीने कापड आक्रसतं, म्हणून नमुना वेणीचाच विण आणि टाके त्यावरून ठरव.

बाबांचा हाफ स्वेटर या वर्षी नाही. व्ही गळा, मुंढे, त्यांच्या पट्ट्या, पाचशे ग्रॅमच्या आसपास लोकर, आणि ते तर अंगाला जरा घट्ट झालं की काही न बोलता कपाटात ठेवून देतील! त्यांना सध्या दादासारखाच मफलर दे, वेणी नको, नुसता रिबचा. स्वेटर मार्चनंतर घे, पुढच्या थंडीला होईल.

लोकर एका वस्तूची सगळी एकदम घे आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घे, नंतर आणलेला तोच रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो. बाळाला आणि आजोबांना ॲक्रिलिक चालेल, रोज धुता येतं. फक्त त्यावर इस्त्री फिरवायची नाही, वीण मरते, लुळी पडते, परत उभी राहत नाही. खरी लोकर गरम पाण्यात घालून चोळलीस तर आटून नमद्यासारखी होईल.

टाका सुटला तर घाबरून सुई ओढू नकोस, तिथेच थांब. खाली शिडीसारखे आडवे धागे दिसतील, क्रोशाच्या सुईने सुटलेला टाका पकडून खालून एकेक पायरी त्यातून ओढत वर यायचं. बाळाच्या स्वेटरला खांद्याशी टाके वाढवताना दर आठ-दहा ओळींनी एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेव, उसवावं लागलं तरी तिथपर्यंतच उसवेल. आणि खालच्या पट्टीशी टाके बंद करताना एक माप जाड सुई घे. तू टाके फार आवळतेस, बाकी स्वेटर कितीही छान झाला तरी पट्टी आवळून बसते अशी गत होते.

रविवारी दुपारी ये. येताना आजोबांच्या डोक्याचं माप, नमुन्याचा धुतलेला तुकडा आणि ४ मिमीची गोल सुई एवढंच आण. बाळाची लोकर आत्ताच घेऊन ठेवू नकोस, रंग आपण दोघी जाऊन बघू, तुझा तो गडद जांभळा मला पसंत नाहीये.

तुझी,
काकू