बीडकडे मुलींची लग्नं इतक्या कमी वयात का लावतात?

कायद्याने मुलीला 18 पूर्ण हवीत, पण ऊसतोड घरांत लग्नाचं वय बऱ्याचदा मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) ठरवते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर पूर्ण उचल. एकटा पोरगा अर्धा कोयता. म्हणून टोळ्या कारखान्यावर निघायच्या आत लग्नं उरकतात. शिवाय आईबाप सहा महिने फडावर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवणार? ही भीती खरी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नुसते गुन्हे नोंदवून हे थांबणार नाही. हंगामभर चालणारी मुलींची वसतिगृहं हवीत. असं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर लगेच 1098 या बालकांच्या मदत क्रमांकाला फोन करा.